गाडीखालच्या घोड्या

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचे दोन गाळे होते. मागच्या गाळ्यात वडिलांची, म्हणजे आप्पांची, लेथ मशिनं चालत. पुढच्या गाळ्यात आप्पांना टाकून देववत नव्हतं ते सगळं पडलेलं असे. बंद पडलेलं शेपर मशीन, गंजलेल्या ओतीव कास्टिंगचा ढीग, कुणाच्या तरी विहिरीवरचं इंजिन. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि या पुढच्या गाळ्यावर माझ्या थोरल्या भावाचा डोळा होता. दादाला तिथं गॅरेज काढायचं होतं. तेही साध्या गाड्यांचं नाही. शर्यतीचं वेड लागलेली काही पोरं तेव्हा कोल्हापुरात बसक्या, दोन दारांच्या स्पोर्ट्स गाड्या घेऊन फिरायला लागली होती. त्या गाड्यांना हात लावायला गावातले मेस्त्री बिचकायचे. दादा बिचकत नव्हता.

आप्पांनी कितीतरी महिने नन्नाचा पाढा लावला आणि शेवटी एवढं कबूल केलं, "एक गाडी नीट करून दाखव. दसऱ्याला बघू." म्हणजे दसऱ्याच्या मुहूर्तावर गाळा दादाला द्यायचा, की तो कधीपासून भाड्यानं मागणाऱ्या बेअरिंगच्या व्यापाऱ्याला द्यायचा, ते ठरणार होतं. दादानं लग्नाच्या बोलणीपेक्षा हे बोलणं जास्त मनावर घेतलं.

मी धाकटा. डिप्लोमाच्या ड्रॉइंगच्या पेपरात मुक्काम ठोकून बसलेला, आणि त्यामुळेच बहुतेक, स्वतःला जन्मजात इंजिनिअर समजणारा.

पुढच्या गाळ्यातला पसारा कडेला सारून जागा केली आणि गाडी आली. शिरोळकडच्या एका बागायतदाराच्या मुलाची, लालभडक, कमरेइतकीही उंच नाही. पुढच्या चाकांचे बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, गेले होते. काम दादाच्या हातचं होतं, अडचण निराळीच निघाली. आमचा जॅक ट्रकांच्या जमान्यातला. तो गाडीखाली शिरेचना. अशा गाडीखाली जाणारा बुटका जॅक मुंबईला मिळतो असं कळलं आणि त्याची किंमत ऐकून दादानं हातातला चहा अर्धा ठेवला.

मी म्हणालो, "दादा, मी करतो की काहीतरी. आपल्याकडं काय कमी हाय?"

"अक्कल," दादा म्हणाला.

तरी त्यानं करू दिलं. माझं पहिलं अपत्य म्हणजे पाइपच्या तीन तंगड्या वेल्डिंग करून जोडलेली घोडी. गाडी जॅकनं उचलली की तिच्याखाली टेकू म्हणून जे ठेवतात त्याला आमच्याकडं घोडी म्हणतात. दिसायला झकास झाली होती. मी तिला निळा रंगही दिला. दादानं रंगाकडं बघितलं नाही. त्यानं साखळीच्या पुलीनं कास्टिंगचा एक मोठा तुकडा उचलला आणि हळूच तिच्यावर सोडला. घोडी आधी कण्हली, मग नम्रपणे गुडघ्यात वाकली आणि शेवटी लोटांगण घालून पडली.

"खाली मी झोपणार हाय," दादा म्हणाला. "तू न्हाय."

त्या काळात बरेच मेस्त्री गाडीखाली सरळ विटा रचायचे. दादाला विटांचा तिटकारा होता. पत्रा वाकताना आवाज तरी करतो, वीट फुटताना आधी काही सांगत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यानं मला ट्रकची बॉडी बांधणाऱ्याकडं धाडलं. तिथून मी जाड फळ्यांचे आणि ठोकळ्यांचे उरलेले तुकडे पोत्यात भरून आणले. ठोकळे आडवे-उभे एकावर एक रचून, लांब स्क्रूनं आवळून दोन घोड्या केल्या. खाली पसरट, वर किंचित निमुळत्या. कास्टिंगचा तोच तुकडा दोन दिवस त्यांच्यावर ठेवला, त्यांनी हूं की चूं केलं नाही.

मग गाडी जॅकइतकी उंच करायला फळ्यांचे उतार केले. तीन फळ्या एकावर एक, प्रत्येक आधीच्यापेक्षा आखूड, टोकं तासलेली. चाकं त्यांच्यावर चढवली की कडेनं जॅक घालायला जागा होणार. पहिल्याच चाचणीत चाक चढायच्या ऐवजी फळीच फरशीवरून सटकली आणि बंदुकीतून सुटल्यासारखी जाऊन आप्पांच्या पाण्याच्या माठाला लागली. माठ गेला. आप्पा मागच्या गाळ्यातून बाहेर आले, फळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "आता पाणी पण मुंबईहून आणा." मी फळ्यांच्या पोटाला ट्यूबचं रबर ठोकलं. त्यानंतर त्या हलल्या नाहीत. शेवटी ट्रकच्या टायरचा एक जाड तुकडा गोल कापला आणि त्याला मधोमध खाच पाडली. गाडीच्या कडेची पत्र्याची शिवण त्या खाचेत बसायची. जॅकचं लोखंड थेट शिवणीला लागलं असतं तर ती चेपली असती.

दादानं तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट केला. "हे चांगलं केलंस," म्हणाला. दादाच्या तोंडून हे ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो ते मला तेव्हा कळलं, आणि तिथूनच माझं डोकं फिरलं.

काम दादानं सोन्यासारखं केलं. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, मग जॅक, मग घोड्या, मग गाडीला कमरेनं दोन धक्के मारून बघायचं, आणि खात्रीसाठी एक जास्तीचं चाक आडवं खाली सरकवायचं. एवढं झाल्यावरच तो खाली जायचा. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी चाकं बसली, काम संपलं. खालचं जास्तीचं चाक काढून दादा म्हणाला, "उतरवूया."

मी म्हणालो, "राहू दे की आजची रात. उद्या पूजेला सगळं उद्यमनगर येतंय. बघू दे की लोकांना."

गाडीवाला दसऱ्यानंतर येणार होता. दादा दमला होता. "राहू दे," म्हणाला.

खंडेनवमीला आमच्याकडं सकाळीच मशिनं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालतात. पाने, हातोडे, मायक्रोमीटर, जॅक, सगळं फळीवर ओळीनं मांडून पूजा होते. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. आप्पांचा हा नियम लोखंडापेक्षा कडक होता. लेथवर अर्धवट जॉब असला तरी तो तसाच राहायचा.

आई ताट घेऊन ओळीनं हळदकुंकू लावत आली आणि गाडीपाशी येऊन वळली. मी तिला थांबवलं. "आई, ह्या दोन राहिल्या."

"ती लाकडं न्हवं का रं?"

"लाकडं न्हाईत. हत्यारं हाईत. मी केल्यात."

आई वाकली. गाडीखाली हात घालून तिनं दोन्ही घोड्यांना हळदकुंकू लावलं, पायाशी पान-सुपारी ठेवली, वर झेंडूचं एकेक फूल. आप्पांनी नारळ फोडला. आलेगेलेले लोक वाकून घोड्या बघत होते आणि मी त्यांना खाच पाडलेल्या टायरचं महत्त्व समजावून सांगत होतो. आप्पासुद्धा म्हणाले, "बऱ्या केल्यास."

दुपारी गाडीवाला आला. मित्राच्या मोटरसायकलवर मागं बसून, घाईत.

"भाऊ, गाडी न्यायला आलोय. आमच्यात बी आज गाड्यांची पूजा हाय. आई ताट घिऊन बसलीया दारात."

"तुम्ही दसऱ्यानंतर येणार म्हणालता," दादा म्हणाला.

"म्हणालतो. आईला कोण सांगणार? घरातला ट्रॅक्टर पुजला, ट्रक पुजला, ती म्हणती पोराची गाडी बिनपूजेची ठिवायची न्हाय."

आप्पा खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच बोलले, "उद्या सांजच्याला या, पावणं. आज हत्यार हलत न्हाय."

"काका, हत्यार तुमचं, पण गाडी माझी हाय."

"तुमची गाडी आमच्या हत्यारावर बसलीया. त्याला मी काय करू?"

गाडीवाल्यानं वाकून बघितलं. घोड्यांवरचं हळदकुंकू त्याला दिसलं. तोही पूजाअर्चा मानणाऱ्या घरातला, त्यामुळं त्याला रागावताही येईना. "ह्यास्नी कशाला पुजलं?" एवढंच त्यानं विचारलं. दादा माझ्याकडं बघत राहिला.

परिस्थिती अशी. जॅकला हात लावला तर आप्पांचा शब्द मोडला, म्हणजे गाळा गेला. गाडी दिली नाही तर पहिलंच गिऱ्हाईक आईच्या ताटासमोर तोंडघशी पडणार आणि बाकीच्या शर्यतवाल्यांना जाऊन सांगणार, म्हणजे गाळा मिळूनही उपयोग नाही.

"दादा, माझ्याकडं आयडिया हाय," मी म्हणालो.

"तुझ्याच आयडियावर गाडी उभी हाय," दादा म्हणाला.

तरी मी धावलोच. मागच्या गल्लीत तालीम. तिथं त्यांची पूजा उरकून पैलवान गप्पा मारत बसले होते. एकानं विचारलं, "कुस्ती कुणासंगं?" मी म्हणालो, "मोटारीसंगं." सगळेच उठले. माझी योजना सोपी होती. पैलवानांनी गाडीचा पुढचा भाग हातानं उचलायचा, मागच्या चाकांवर ती गाड्यासारखी मागं ढकलायची आणि घोड्या सुटल्या की मोकळ्या फरशीवर टेकवायची. घोड्या जागच्या जागी, पूजेतल्या पूजेत.

आप्पांना विचारलं. त्यांनी पेपरचं पान उलटलं. मग म्हणाले, "हत्याराला धक्का लागता कामा नये." म्हणजे परवानगी मिळाली.

मागचे ठोकळे पूजेत नव्हते, ते काढले. गाडीवाला आत बसून ब्रेक सोडून तयार. पैलवानांनी हात घातले, मधे दादा, कडेला मी. हूप म्हणताच गाडीचं नाक उचललं गेलं, खरोखर फुलासारखं. आम्ही मागं ढकलायला लागलो. आणि तिथं जन्मजात इंजिनिअरची चूक उघडी पडली. गाडीचं पोट जेवढं वर होतं तेवढा तिचा पुढचा ओठ, म्हणजे बंपरची खालची कड, वर नव्हता. घोड्या जागच्या जागी राहणार म्हणजे तो ओठ त्यांच्यावरून जाणार, हे मी मोजलंच नव्हतं. एका पैलवानाचा हात घामानं निसटायला लागला.

"लागतंय, खाली लागतंय," कुणीतरी म्हणालं.

"वर घ्या," दादा म्हणाला. "सोडू नका, खाली पाय हाईत."

माझे दोन्ही हात अडकलेले. ओठ घोडीवर उतरायला आला होता. मी पायानं घोडी ढकलली. ती कलंडली, सुपारी गडगडत बंद शेपरखाली गेली. एक गेल्यावर मला हुरूप आला, वाकडा होऊन दुसरीलाही मी पाय लावला. गाडी अलगद खाली टेकली. तिला ओरखडा नाही, कुणाला खरचटलं नाही. पैलवान हसत होते. गाडीवाल्यानं दादाचा हात धरून हलवला, गाडी चालू केली, वळणावर स्टिअरिंग हलवून बघितलं, आवाज नाही. तो हात हलवत गेला.

आप्पांनी पेपरची घडी घातली. येऊन त्यांनी दोन्ही घोड्या उचलल्या, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसल्या, ओळीत नेऊन ठेवल्या आणि आईला म्हणाले, "पुन्हा कुंकू लाव." आमच्याकडं कुणाकडंच बघितलं नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी आम्ही सोनं घेऊन आप्पांच्या पाया पडलो. आप्पा दादाला म्हणाले, "गाळा बेअरिंगवाल्याला देतोय."

दादा उभाच राहिला. "गाडी नीट झाली की, आप्पा."

"झाली."

"मग?"

"पूजेला पाय लागला. तू बघत हुतास."

मी म्हणालो, "आप्पा, पाय माझा हुता."

"तू खुळा हायस. तुला कोण इचारतंय. थोरला ह्यो हाय."

"माझ्या हातात गाडी हुती," दादा म्हणाला.

"सोडायची हुती."

"खाली माणसांचे पाय हुते, आप्पा."

 आपट्याची पानं आप्पांनी आधी माझ्या हातात ठेवली, मग दादाच्या. खुळा असण्याचे फायदे मी आयुष्यभर घेतले, पण इतका स्वस्तात कधी सुटलो नव्हतो.

दिवाळीच्या आत आणखी दोन स्पोर्ट्स गाड्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. शिरोळच्या पोरानं दादाचं नाव गावभर केलं होतं. बेअरिंगवाल्याच्या नव्या पाटीखाली उभं राहून मी गाडीवाल्यांना सांगितलं की गॅरेज न्हाय हो इथं. दादा त्याआधीच पुण्याला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नोकरीला लागला होता. मी आप्पांच्या हाताखाली लेथवर बसलो, म्हणजे ज्याला गाळा नको होता त्याला मशिनं मिळाली.

पुढं मोबाईल आले. आप्पा थकले, पण त्यांचे नियम थकले नव्हते. बेअरिंगवाल्यानं गाळा सोडायचं ठरवलं तेव्हा मी पुण्याला गेलो. दादाच्या वर्कशॉपमध्ये बटण दाबलं की गाडी माणसाच्या डोक्यावर जात होती. खाली दादा ताठ उभा राहून काम करत होता. केस पिकले होते.

"दादा, गाळा मोकळा होतोय. ये की."

"आप्पा म्हणतात, का तू म्हणतोस?"

मी एवढं तरी खोटं बोलायला हवं होतं. "मी," म्हणालो.

त्यानं पाना जागेवर ठेवला, हात पुसले. "जेवून जा," म्हणाला.

डबा त्यानं दोघांत वाटला. वांग्याचं कालवण होतं. आईची चौकशी केली, माझ्या पोरांची केली, गाळ्याचा विषय निघाला नाही. संध्याकाळच्या एसटीनं मी परत आलो आणि दुसऱ्या दिवशी गाळा भाड्यानं देणे आहे असं खडूनं शटरवर लिहिलं.