धुतलेल्या ट्रॅक्टरचे सॉकेट

ते प्रकरण माझ्या मनातून गेलेले नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. तरी कोणी "तुमचा एखादा तपास सांगा" म्हटले, की मला आधी एका ट्रॅक्टरची स्वच्छ धुतलेली मागची बाजू दिसते.

द्राक्षांचा हंगाम होता. दिंडोरी तालुक्यातल्या एका रस्त्यावर, दिवस मावळता मावळता, द्राक्षांच्या क्रेट भरलेल्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळली. नाशिकहून काम आटोपून घरी निघालेला मनुष्य जागीच गेला. टायर फुटल्याने ट्रॉली रस्त्यात उभी होती आणि तिचे मागचे दिवे बंद होते. शेजारच्या पेठ तालुक्यातला तिशीतला ड्रायव्हर अंगातला शर्ट काढून तो हलवत गाड्यांना बाजूने जायला सांगत होता. मोटारसायकलवाल्याला तो दिसला नाही.

मी पोहोचलो तेव्हा ट्रॉली जागेवर होती, ट्रॅक्टर नव्हता. ट्रॅक्टरच्या मालकाने, म्हणजे द्राक्षे ज्याची होती त्या बागायतदाराने, तो सोडवून घरी नेला होता. त्याच वेळी हवालदार पाठवून मी तो ओढून आणायला हवा होता. पंचनामा आणि रुग्णालय यांत अडकलो, ही माझी चूक. ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यात आला, तोही धुऊन.

"चिखलाने माखला होता साहेब. ठाण्यात घाण कशाला आणायची?" मालक म्हणाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रॉलीला स्वतःची बॅटरी नसते. ट्रॅक्टरच्या मागे झाकण असलेले सात पिनांचे सॉकेट बसवतात. ट्रॉलीची वायर त्यात खोचली की तिचे ब्रेकचे, वळणाचे आणि मागचे लाल दिवे ट्रॅक्टरवरून लागतात. अपघाताच्या जागी ट्रॉलीची वायर गुंडाळून सुतळीने आकड्याला बांधलेली होती, तशी नोंद पंचनाम्यात होती. ट्रॅक्टरला सॉकेट होते. मोटार वाहन निरीक्षकाने नंतर वायर जोडून पाहिली, सगळे दिवे लागले.

मालकाचे म्हणणे सरळ होते. "सॉकेट दोन वर्षांपासून आहे. हाच आळशी. वायर खोचायला याचे हात झिजतात."

ट्रॅक्टर आला त्याच दुपारी मी ड्रायव्हरला समोर उभे केले.

"वायर का जोडली नाहीस?"

"कशात जोडू, साहेब? टॅक्टरला ते नव्हतंच."

"मग बाहेर उभ्या ट्रॅक्टरला दिसतंय ते काय?"

"काल नव्हतं. आज हाय."

माझा पारा चढला. मी त्याला असा झापला की शेजारच्या खोलीतला लेखनिक थांबला. त्याचे ते वाक्य मी जबाबात घेतलेही नाही. त्याला जामीन राहायला आमच्या भागात कोणी नव्हते, म्हणून तो कोठडीत होता. गुन्हा त्याच्यावर शाबित झाला असता तर तुरुंग ठरलेला, आणि परवाना गेला की पोटही गेले.

वरच्या साहेबांचा निरोप आला, "वाहन समोर आहे, अहवाल समोर आहे. ड्रायव्हरवर दोषारोपपत्र पाठवा. ताणता कशाला?" साहेब थेट अधिकारी म्हणून भरती झालेले. मी शिपाई म्हणून लागलो, रात्ररात्र पहारे केले, खात्याची परीक्षा देऊन फौजदार झालो. आमच्यासारख्याने प्रश्न विचारला की ते ताणणे ठरते.

पण खबर वेगळ्याच वाटेने आली. वाहन निरीक्षक तपासणी करून गेले त्या संध्याकाळी ड्रायव्हरची बायको भाकरी घेऊन ठाण्यात आली. ती त्याच बागेत मजुरीला होती. ठाणे अंमलदाराने डबा तपासून ठेवून घेतला, तरी ती हलेना. मी बोलावले.

"काय सांगायचंय, बाई?"

"त्या टॅक्टरला ते झाकणाचं डबडं नव्हतं, साहेब. मी रोज मागच्या लोखंडाला धरून उभी राहून बागेत जाते. डबडं असतं तर गुडघ्याला लागलं असतं. बघा तुमी उभं राहून."

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. सॉकेट नेमके गुडघ्यात घुसले.

खोटे बोलणारा 'नव्हते म्हणजे नव्हते' असे ठासून सांगतो. गुडघा त्याला सुचत नाही. पण बायकोची साक्ष नवऱ्याच्या बाजूने कोर्टात किती टिकणार? सॉकेट नवे असेल, तर ते कोणीतरी बसवले असणार. तो माणूस हवा होता.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत स्कूटर काढली. खाकी घालून गेलो असतो तर सगळ्या ऑटो इलेक्ट्रिशियननी "आम्हाला काय माहीत" म्हणून हात वर केले असते. मी गिऱ्हाईक म्हणून गेलो. माझे बालपण आठवडी बाजारात आईच्या भाजीच्या पाटीमागे गेले. मला बाराखडीच्या आधी घासाघीस आली. पहिल्या दोन दुकानांत काही लागले नाही. तिसऱ्या दुकानात पन्नाशीचे एक मिस्त्री बसले होते, सगळे त्यांना चाचा म्हणत.

"चाचा, ट्रॉलीसाठी सॉकेट बसवायचंय. किती घ्याल?"

"सामान-मजुरी धरून पंधराशे."

"पंधराशे? डबा तर तीनशेला मिळतो."

"मग घ्या ना डबा. बसवून शेजारी देईल तुमचा."

"सातशे देतो."

"सातशेत मी फक्त झाकण बसवीन. खालचं सॉकेट तुम्ही डिंकानं चिकटवा."

मी उठलो आणि दोन पावले टाकली. विकणारा खरा कारागीर असेल तर पाठमोऱ्या गिऱ्हाइकाला तो गप्प जाऊ देत नाही. तसेच झाले.

"जा, जा! दोन वायरी पिळून घ्या कुणाकडून तरी. पंधरा दिवसांत दिवे लुकलुकतील, मग याल इथंच. अर्थिंगची वायर लोखंडाला कोणी नीट जोडत नाय. मी रंग खरवडून लोखंड चांदीसारखं करतो, मग बोल्ट आवळतो. परवा सकाळी साडेसहाला एका बागवाल्यानं घरातून उठवून नेलं. चहा पण पिऊ दिला नाय. पण भावाचा एक शब्द काढला नाय त्यानं!"

मी परत येऊन स्टुलावर बसलो. "असा दिलदार बागवाला कोण हो?"

त्यांनी नाव सांगितले. मी म्हणालो, "पंधराशे मंजूर, चाचा. पण आधी माझ्याबरोबर ठाण्यात चला." मी कोण ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. "साहेब, जास्त सांगितलं म्हणून केस होते का?"

ठाण्यात दोन पंच बोलावले आणि त्यांच्यासमोर अर्थिंगचा बोल्ट खोलला. खाली खरवडलेले लोखंड आरशासारखे चकाकत होते, गंजाचा एक ठिपका नाही. ज्या ट्रॅक्टरवरून बागेत लोखंड खाणाऱ्या मोरचुदाची फवारणी चालते, त्याचे उघडे लोखंड दोन वर्षे असे राहत नाही. फोटो घेतले, सॉकेट जप्त केले. मग ड्रायव्हरचा जबाब नव्याने लिहिला. या वेळी 'काल नव्हतं, आज हाय' हे सर्वांत वर घेतले.

मालकाला बोलावले तेव्हा मी आवाज चढवला नाही. समोरचा भाव चढवत असेल तर चढवू द्यावा.

"सॉकेट दोन वर्षांचं म्हणालात?"

"अडीच असतील साहेब."

"पावती?"

"सापडत नाही."

"बसवलं कोणी?"

"पंचवटीत एक दुकान होतं. आता बंद झालं ते."

शब्दन् शब्द लिहून घेतला. मग चाचांना आत बोलावले. त्यांनी मालकाकडे पाहून अगदी आपुलकीने विचारले, "शेठ, झाकणाची स्प्रिंग कडक लागते म्हणाला होतात परवा. मोकळी झाली का?"

मालकाने पाणी मागितले. ग्लास संपल्यावर म्हणाला, "साहेब, आपण बसून मिटवू. तुम्ही आकडा सांगा."

मी जन्मभर घासाघीस केली, पण माझाच भाव मला कोणी विचारला नव्हता. मी टेबलावर मूठ अशी आपटली की पहाऱ्यावरचा शिपाई धावत आत आला.

खोटा पुरावा तयार करणे आणि दिव्यांची सोय नसलेले वाहन रस्त्यावर काढायला लावणे, यासाठी मालक आरोपी झाला. ड्रायव्हरला आरोपींतून वगळावे असा अहवाल मी कोर्टात पाठवला, तो मान्य झाला. वरच्या साहेबांनी सही केली. दीड महिन्यात माझी बदली नियंत्रण कक्षात, फोन उचलायला. उत्तम तपासाचे प्रशस्तिपत्र आले ते दुसऱ्याच्या नावे. हे मी विसरलेलो नाही, आणि विसरा असे मला कोणी सांगू नये.

वस्तू चालते का, एवढे पाहून आम्ही खूश होतो. ती केव्हापासून चालते, हेही पाहावे, असे पुढे मी हाताखालच्या प्रत्येकाला सांगितले. पण खरा धडा ड्रायव्हरने दिला. तो सुटून निघाला तेव्हा मी त्याला ठाण्याच्या पायरीवर थांबवले.

"दिवे लागत नाहीत हे माहीत होतं ना? मग ट्रॉली रस्त्यावर का काढलीस? मालकाला सांगायचं."

"तीनदा सांगितलं, साहेब. तिसऱ्यांदा म्हणले, पेठला डायव्हर लय हायेत."

चाचांच्या दुकानातून मी दोन पावले चालून गेलो, कारण शेजारी चौथे दुकान होते. घासाघीस त्यालाच जमते, ज्याला उठून जाता येते. या माणसाला ते शक्य नव्हते, म्हणून तो फुटक्या टायरमागे शर्ट हलवत उभा राहिला. पुढे निवृत्त होईपर्यंत मी एक नेम पाळला. मालक आणि नोकर दोघे समोर असले, तर ज्याला उठून जाता येत नाही त्याचा शब्द मी आधी लिहून घेतला.