खिडकी लावून शिकवलेलं नाटक

“आधी खिडकी लावा,” सर म्हणायचे. मग दाराबाहेर मान काढून व्हरांड्याची दोन्ही टोकं बघायचे, अन् मगच पुस्तक उघडायचे. तुम्हाला वाटेल, आत काही चोरीचा माल वाटायचा होता. कसलं काय! सेनगावच्या कॉलेजात आम्हा बी.ए.च्या पोरापोरींना एक जुनं प्रेमाचं नाटक शिकवायचं होतं, एवढंच.

नायक नायिकेचा हात धरतो, इथं आले की सरांचा आवाज एकदम खाली जायचा. “हे मी न्हाई म्हणत बरं का. नायक म्हणतो.” आम्ही तोंडात ओढणी कोंबून हसायचो. पण त्यांची भीती खोटी नव्हती. “पोरींना हे काय शिकवून राहिले?” असं एका पालकानं एकदा विचारलं होतं, अन् सर पडले तासिकेवरचे, तासाप्रमाणे पैसे, कायमची नोकरी नाही. कुणी नुसतं नाक मुरडलं तरी पुढच्या वर्षी बोलावणं यायचं नाही.

शिकवायचे मात्र असं की जन्मात विसरू नये. स्वगत म्हणजे मनातलं, जे अख्ख्या थेटराला ऐकू जातं अन् शेजारी उभ्या माणसाला नाही. जनान्तिक म्हणजे रंगमंचावर चारजण असताना एकालाच सांगायचं. त्याची खूण ते करून दाखवायचे. करंगळीशेजारचं बोट दुमडायचं, बाकीची उभी, अन् तो हात तोंडाला आडोसा. “हात असा दिसला की बाकीच्यांनी बहिरं व्हायचं. समजलं?” घरी जाताना गोरेगावच्या जीपमध्ये बसल्या बसल्या आम्ही मैत्रिणी तीच खूण करून ड्रायव्हरची टवाळी करायचो.

विदूषकावर त्यांचा फार जीव. “त्याला येडा समजू नका. त्याला येडं दिसायची लाज न्हाई, एवढंच.” एकीनं विचारलं, सर, तुम्हाला कोणतं पात्र जमेल? सर दचकले. “मला? मी पडद्यामागं बरा हाय, बाई.”

आता रोहिणीचं सांगते. ती माझी सख्खी मैत्रीण, एकाच गल्लीतली. वर्गातल्याच एका पोरावर तिचा जीव जडला होता. पोरगा गुणाचा, पण जात दुसरी. दुपारी दोघं वाचनालयात समोरासमोर पुस्तकं मांडून बसायची. आम्हा सगळ्यांना माहीत होतं, सरांनाही असणार. तिच्या काकांना कळलं तर काय होईल, ते आपल्या भागातल्या माणसाला फोड करून सांगायची गरज नाही. मला तर तिच्यापेक्षा जास्त भीती वाटायची. जीपमध्ये कुणी मोबाइल वर धरला तरी वाटायचं, फोटो काढून काकांना पाठवतोय.

अन् एके दिवशी काका आलेच. सोबत दोघंजण. विदूषकाचाच तास चालू होता. दारात उभं राहून काकांनी बाकांवरून नजर फिरवली.

“आमची रोहिणी कुठंय?”

ती कुठं होती, कुणासोबत होती, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. सरांचा चेहरा पांढराफटक. वाटलं, हा भित्रा माणूस आता बोट दाखवून मोकळा होणार.

सरांनी हात वर केला. ते बोट दुमडलेलं. नजर माझ्यावर. “पाहुण्यांना पाणी आण, बाई. वाचनालयापुढच्या माठातलं.”

“पाणी न्हाई पायजे,” काका म्हणाले.

“असं कसं? दारातून कोरडे जाल व्हय? मला पाप लावता का?” आता पाण्याला नाही म्हणणं आपल्याकडं जमतं का? काका टेकले. सोबतचेही टेकले.

मी दारातून निसटले तेव्हा सरांनी छत्री काठीसारखी धरली होती, पोट पुढं काढलं होतं, अन् विदूषकाची चाल चालून दाखवत होते. उभ्या वर्षात ज्यांचा आवाज दुसऱ्या बाकापलीकडं गेला नाही, ते लाडवांसाठी गळा काढून रडत होते! पोरं हसत होती. काकांच्या सोबत्यांपैकी एकजण हसल्याचंही ऐकू आलं.

वाचनालयात मी धावतच शिरले. “काका आलेत,” एवढंच मी म्हणाले. पोरगा मागच्या दारानं तुरीच्या रानात शिरला. माठातून तांब्या भरून मी रोहिणीच्या हातात दिला. घाईत अर्धं पाणी व्हरांड्यातच सांडलं.

“काका, तुमी काहून आलात?” ती दारात म्हणाली.

काकांनी तिच्याकडं पाहिलं, तांब्याकडं पाहिलं, पाणी प्याले. मग सरांना म्हणाले, “हे असलं शिकवता व्हय?”

“व्हय. परीक्षेला येतं.”

ते गेले. जीप सुरू झाल्याचा आवाज आला तसे सर खुर्चीत बसले. सदरा घामानं भिजलेला. “तास संपला, पोरांनो. जा तुमी. मला उठता येऊन न्हाई राहिलं.”

महिन्याभरात रोहिणी अन् तो पोरगा कुठंतरी लांब जाऊन लग्न करून बसले. मग काकांना तो तास आठवला. ते पुन्हा कॉलेजात आले, या वेळी त्यांना पाणी विचारायला कुणी उरलं नव्हतं. रोहिणी गेल्याचं कळलं त्या दिवसापासून सर आलेच नव्हते. खोलीला कुलूप, फोन बंद. घरमालकाला काही सांगितलेलं नाही. छत्री तेवढी वर्गाच्या कोपऱ्यात राहिली होती. ती मी घरी आणली.

मी त्यांचा शोध घेत नाही. मला सापडले तर दुसऱ्या कुणालाही सापडतील. ते जिथं असतील तिथं धडधाकट असावेत, इतकंच मागते, अन् मागतानाही धास्तावते.

रोहिणीचा फोन येतो. तिचं लेकरू मागं रडत असतं. दर वेळी ती विचारते, “सरांचं काही कळलं का गं?”

मी आधी उठून खिडकी लावते. मग हळूच सांगते, “न्हाई.”