कोठीमागची भिंत

पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. लग्न होऊन मी आर्वीजवळच्या खेड्यात आले आणि वर्षभरातच मला दिवस गेले. नवऱ्याचं हे दुसरं लग्न. पहिली बाळंतपणात गेली होती, लेकरासकट. तिच्याबद्दल घरात कोणी बोलत नसे.

सासूबाईंचा एकच नियम होता. "अर्धं पोटच जेवजो. पोर मोठं झालं तं अडकते." एक भाकर, पातळ वरण. शेंगदाणे नाहीत, गूळ उष्ण. पाचव्या महिन्यापासून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली.

त्याच दिवसांत तो आवाज सुरू झाला. दुपारी सगळे वावरात असत. मी धान्याच्या कोठीशेजारी पडून राही. डोळा लागतो न लागतो तोच भिंत खरवडल्यासारखं ऐकू येई, हळूहळू, नखांनी. डोळे उघडले की थांबे. उंदीर असेल म्हणून एकदा कोठीमागे डोकावले. पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या भिंतीत वाटीएवढा खळगा होता. त्याच्या कडा ओल्या होत्या.

मला पहिलीची भीती वाटू लागली. सांगणार कोणाला?

एका दुपारी कोणीतरी मला गदागदा हलवलं. सासूबाई वावरातून लवकर परतल्या होत्या. मी कोठीमागे बसलेली, नखं मातीनं भरलेली, तोंडातही माती. तिथं कधी आले, आठवेना. आणि ती माती इतकी गोड लागत होती की थुंकवत नव्हती.

"आत्याबाई, हे मी..."

त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर खळग्यावर होती.

"तीबी इथूनच खाये," त्या म्हणाल्या. "ती मेल्यावर म्या लिंपून टाकलं होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला एसटीनं आर्वीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी माझी पापणी ओढून पाहिली. "अंगात रक्तच नाही हिच्या. अर्धपोटी ठेवून बाळंतपण सोपं होत नसतं, बाईचा जीव जातो." त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे पोटभर खायला सांगितलं.

त्या संध्याकाळपासून सासूबाई दोन ताटं वाढू लागल्या. एक माझ्यापुढे, दुसरं कोठीसमोर.

"ते कोणाचं?"

"तू जेव. तिले तिचं जेवू दे."

मी मान खाली घालून जेवत असे. त्या ताटाकडे बघायची हिंमत कधी झाली नाही.

मुलगी झाली. बारीक, पण खणखणीत रडणारी. सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि बराच वेळ तिच्या चेहऱ्यात कोणाला तरी शोधत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भूक लागली असंल न वं? भाकर आणू?"