काकीने चढवलेला स्वेटर

हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही. नवऱ्यापुढे नाही, आईपुढे नाही. देवळात गाऱ्हाणं घातलं तेव्हा देवापुढेसुद्धा नाही — तिथे मी फक्त नोकरी लागू दे एवढंच म्हणाले. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. चेहरा पाडून ऐकणार असाल तर आत्ताच उठा. मला कुणाची दया नको, आणि उपदेश तर त्याहून नको.

मी वनरक्षक आहे. अंगावर खाकी आहे, गावात मान आहे. गावी, मिठबावला, सुट्टीवर गेले की लोक आपल्या मुलींना माझं उदाहरण देतात — बघा, पळून पळून कुठे पोचली! मी हसते. काय करणार दुसरं?

आमच्या शेजारी रूपाली राहायची. दोन्ही घरांची खळी, म्हणजे अंगणं, एकमेकांना लागून, त्यामुळे जन्मापासून ती डोळ्यांसमोर. आणि जन्मापासून माझ्या पुढे. शाळेच्या शर्यतीत ती पहिली, मी दुसरी. बरं, पहिली आलीस तर गप्प बस ना — नाही, मला मिठी मारायची. म्हणायची, आपण दोघी जिंकलो. मला तिचा संताप यायचा. तुम्ही कधी दुसरे आलायत का? सारखे, वर्षानुवर्षं, एकाच माणसाच्या मागे? नसाल तर मान हलवू नका उगाच.

वनरक्षकांची भरती निघाली तेव्हा आम्ही दोघींनी अर्ज केला. धावायची चाचणी घाटावर होती, ऐन थंडीत, पहाटे. मी कॉलेजची काही वर्षं घाटावर काढली होती, तिथल्या खेळाच्या सरांच्या हाताखाली. थंडीत धावायला कपडे कसे घालायचे ते मला ठाऊक होतं. अंगात पातळ, घाम सुकेल असा एकच शर्ट. निघताना थोडं कुडकुडायला हवं, नाहीतर वाटेत शिजाल. थांबल्यावर ओला शर्ट लगेच बदलायचा. आणि आजारातून उठल्यावर? आधी नुसतं चालायचं. मग थोडं चाल, थोडं धाव. सकाळी छाती धडधडली तर मुकाट्याने परत अंथरुणात. हे सगळं मला पाठ होतं. पाठ होतं — हे लक्षात ठेवा.

दिवाळीनंतर रूपालीला टायफॉईड झाला. पार चिपाड झाली. उठली तेव्हा देवगडच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं, इतक्यात धावायचं नाही. पण चाचणी जवळ आलेली, आणि ती हट्टी. तिची आई — आमची काकी — वेगळ्याच काळजीत. काकीच्या मते पोरीच्या अंगात हाडीताप मुरला होता. आमच्याकडे बरा झालेला ताप हाडात लपून बसतो म्हणतात, आणि तो घामाने बाहेर काढायचा असतो. म्हणून काकीने लोकरीचा जाड स्वेटर काढला, कानटोपी काढली, वर मफलर. पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून दर्याकडे सुटतो तेव्हा आमच्याकडे म्हातारी माणसं अंगणातसुद्धा डोकं उघडं टाकत नाहीत. काकीचं चुकलं असेल, पण तिला जे माहीत होतं तेच तिने केलं.

एका पहाटे आम्ही सरावाला निघालो, तेव्हा रूपालीने माझ्याकडे पाहिलं. तिला काकीचं पटत नव्हतं. मी घाटावर राहिलेली, मला कळतं, असा तिचा विश्वास. तिने मला विचारलं — मला, सगळ्या वाडीत फक्त मला — की या कपड्यांनिशी धावू का, आणि आजच धावू का?

आता बघा, मी अजून गोल गोल फिरतेय. सांगून टाकते.

"तुझी आवस खरां सांगता," मी म्हणाले. "घाम इलो काय हाडीताप जातलो. घाल तो सुटर. चल."

तिने माझ्या पातळ शर्टाकडे पाहिलं. "आणि तुका थंडी वाजणा नाय?"

"माका सवय आसा."

एवढंच. मारलं नाही, ढकललं नाही. कातळाच्या सड्यावरच्या रस्त्याने आम्ही निघालो, आणि मी मुद्दाम वेग वाढवला. ती मागे पडू नये म्हणून जीव काढत होती. स्वेटर भिजून जड झालेला, कानटोपीखाली तोंड लालबुंद. मी एकदा मागे वळून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्या मागे होती. काय वाटलं सांगू? मजा वाटली.

किनाऱ्यावर पोचल्यावर ती वाळूत बसली आणि ओकली. मग ओल्या लोकरीत, वाऱ्यात, थडथड कापायला लागली. माझ्या पिशवीत कोरडा शर्ट होता. तो मी काढला — आणि स्वतः घातला.

त्याच दिवशी तिचा ताप परत चढला. चाचणीच्या सकाळी ती दवाखान्यात होती आणि मी घाटावरच्या मैदानात, पातळ शर्टात, व्यवस्थित कुडकुडत. पास झाले. जागा एकच होती असंही नाही. ती धावली असती तरी मीही लागले असते. मग मी ते कशासाठी केलं? एकदा तरी पुढे असावं म्हणून. बस.

पुन्हा भरती निघेपर्यंत घरच्यांनी तिला दोडामार्गला देऊन टाकलं. चतुर्थीला माहेरी येते, पण काकीशी धड बोलत नाही. तुझ्या त्या स्वेटरने घात केला, हे तिने काकीला सगळ्यांसमोर ऐकवलंय. माझ्या बोलण्याची तिला आठवणच नाही, किंवा आठवण असून माझ्यावर संशय घ्यावासा वाटत नाही. मला अजून मिठी मारते. तिचा मला अजूनही राग येतो, आणि तो कमी झालेला नाही, हेही सांगून ठेवते.

गेल्या थंडीत मी गावी होते. पहाटे धावून परत येताना काकी खळ्यात शेणी रचत होती. माझा पातळ शर्ट बघून तिने हातातलं काम टाकलं आणि मला पायरीवर बसवलं. मग म्हणाली, "माझ्याच हातान माझ्या चेडवाचा वाटोळा केलंय गो मी. तुका सगळा कळता. तूच सांग, माझा चुकला मा?"

सांगायची वेळ तीच होती. तोंड उघडलंही मी.

"जाऊंदे गो काकी," मी म्हणाले. "तू काय मुद्दाम केलंस?"

तिने पदराने डोळे पुसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला माफ केलं होतं, आणि ते मी केलं होतं. तिने मला आत नेऊन गरम पेज वाढली. मी ती सगळी प्यायले.