व्हिएतनामच्या वाटेवर पिंपळनेर

दहा विद्यार्थिनींना बारा दिवस व्हिएतनामची भातशेती दाखवायला न्यायचं, तर आधी पिंपळनेर गाठावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नऊ पालकांची संमतिपत्रं आली होती. दहावं वैशालीच्या आजोबांपाशी अडलं होतं. ‘तठे पोरकडे कोन देखी?’ (तिथे पोरीकडे कोण बघणार?) हा त्यांचा एकच प्रश्न. आणि दहापेक्षा कमी मुली तिकडच्या विद्यापीठाला चालणार नव्हत्या. शेवटी सकाळीच जळगावहून निघाले.

धुळ्याला गाडी बदलली. साक्री मागे पडल्यावर डोंगर जवळ आले, भाताची खाचरं दिसू लागली. फोटो काढण्यात मी इतकी रमले, की पिंपळनेरला घाईघाईत नुसता मोबाइल आणि हातातलं तिकीट घेऊन उतरले. माझी बॅग पुढे सटाण्याकडे गेली. तिच्यात ती संमतिपत्रं होती आणि सुरक्षित राहावेत म्हणून बरोबर घेतलेले नऊ पासपोर्टही.

वैशाली आणि तिचे आजोबा, आबा, स्टँडवर आले होते. झालेलं सांगितलं. आबांनी मला नीट न्याहाळलं.

“बाई, पिंपळनेरलगून (पिंपळनेरपर्यंत) बॅग सांभाळता उनी नही. परदेशमा दहा पोरी कश्या सांभाळशात?”

 एव्हाना वैशाली माझं तिकीट घेऊन चौकशीच्या खिडकीशी पोचली होती. तिने वाहकाचा नंबर मिळवला. “काका, डावीकडची चौथी सीट, निळी बॅग. परतीच्या गाडीत द्या. मी इथे घ्यायला येते.”

तोवर घरी जेवण झालं. कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या.

“रडू नका बाई. बॅग ई जाई (येईल).”

“ठेच्यामुळे आलंय पाणी, आबा.”

“दोन्हीसमुळे व्हई,” आबा शांतपणे म्हणाले.

दोन तासांनी बॅग आली. वैशालीने पासपोर्ट मोजले, फोन करून वाहकाचे आभार मानले, मलाही मानायला लावले. आबा बघत होते. मग त्यांनी पेन मागितलं.

“पोर जाई,” ते म्हणाले. “तुमनाकडे देखाले कोनी तरी जोयजे (पाहिजे) ना.”

परतताना बॅग मांडीवर घट्ट धरून मी त्यांचं संमतिपत्र वाचलं. शेऱ्याच्या रकान्यात ठळक अक्षरांत होतं: ‘बाईंच्या सोबतीसाठी पाठवीत आहे.’

या सहलीत विद्यार्थिनी काय शिकतील, यावर मी चार पानं लिहिली होती. त्यात मी काय शिकेन, हे कुठेच नव्हतं. तो शेरा प्राचार्यांपासून लपवावा का, याचा धुळ्यापर्यंत विचार केला. लपवला नाही. त्यांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि अजिबात न हसता सहलीला मंजुरी दिली.