माझ्या नावाचं पान

तमाम सोयऱ्याधायऱ्यांना आणि माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्या मंडळींना कळवण्यास अत्यंत दुःख होतं की अस्मादिकांचं निधन झालं आहे. दर्शन रोज संध्याकाळी, मालिकेच्या वेळेत, हारासकट मिळेल.

गाव सोडलं तेव्हा मात्र मी धडधाकट होतो. वारंगा फाट्यावर एका पंक्चरच्या दुकानासमोर अप्पा, माय आणि मी मुंबईच्या गाडीची वाट बघत उभे होतो. माय धपाट्यांचं गाठोडं पुन्हापुन्हा सोडून बांधत होती. गाडी दिसल्यावर अप्पांनी माझी पिशवी उचलली. मग म्हणाले, "सोंगं काढायला येवढ्या लांब काहून जाऊन राहिला? इथं लोकं वळखतेत तरी."

मुंबईनंही ओळखलं, पण चेहऱ्यानं, नावानं नाही. मी इन्स्पेक्टर झालो, सरपंच झालो, ऑपरेशन थिएटरातून मान खाली घालून बाहेर येणारा डॉक्टर झालो. शेवटी एका मालिकेत नायिकेचा बाप झालो आणि लवकरच हार्ट अटॅकनं गेलो. मालिका चालू राहिली आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर मीही. अधूनमधून नायिकेच्या स्वप्नात जायचं काम निघतं. तेव्हा पांढरा सदरा घालून सेटवर जातो आणि स्वतःच्याच फोटोसमोर चहा पितो. सेटवरचे दिवे लागायच्या आधी मात्र तिथं बसवत नाही. हार घातलेला मी हुबेहूब अप्पांसारखा दिसतो, आणि अप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली. फाट्यावर विचारलेलं ते पुन्हा विचारतील, असं वाटत राहतं.

गावी टीव्हीच्या वर अप्पांचा हार घातलेला फोटो आहे आणि खाली, टीव्हीत, माझा. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी धाकट्या भावाचा, मारोतीचा फोन आला. "दादा, तू गेलास असं मायच्या डोक्यात बसलंय. समदे माझ्यापासून लपवून राहिलेत म्हणती. पित्राला अप्पांसंगं तुझंबी पान वाढणार हाय."

मी तिच्याशी फोनवर बोललो. ती म्हणाली, "टीव्हीतबी असाच बोलायचा." व्हिडिओ कॉल केला. "दिसायचं काय, रोजच दिसतो," म्हणाली आणि डोळे पुसत फोन मारोतीच्या हातात दिला. माझं मरण खरं वाटावं म्हणून मी आयुष्यभर राबलो. आता जिवंत असल्याचं एकाच प्रेक्षकाला पटवायचं होतं आणि ते काही जमत नव्हतं.

मी निघालो. मुंबईत माझा फ्लॅट आहे, बायको आहे, पार्किंगवरून भांडणारे शेजारी आहेत. घर कुठलं असं विचारलं की मी तोच पत्ता सांगतो. पण नांदेडहून वारंग्याकडे येताना, मुंबईत कधीच वाटली नव्हती अशी भीती वाटली. मायच्या लेखीच मी उरलो नसेन, तर नेमका राहतो तरी कुठं?

पोचलो तेव्हा माय गच्चीवर होती. समोर दोन पानं. अप्पांच्या पानावर कावळे तुटून पडले होते. माझ्या पानाकडं एकही फिरकत नव्हता. मारोती जिन्यात हताश उभा होता; त्यानं मला नुसती वाट दिली. माझ्याकडं पाठ करून बसलेली माय माझ्या पानाशी बोलत होती.

"शिव रं दत्ता. हिरोचं काम भेटलं न्हाई म्हणून रुसला व्हय? पुढल्या जन्मी भेटंल, बाप्पा. वडे गार होऊन राहिलेत."

तिच्या शेजारी जाऊन बसलो आणि माझ्या पानावरचा वडा उचलून खाल्ला.

ती बघत राहिली. तिनं माझा गाल चाचपला. मिशी चिकटवलेली तर नाही ना, म्हणून ओढून पाहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मिशीमुळंच असं मी अजून सांगतो. मग ती जिन्याकडं वळून मारोतीवर खेकसली, "तरीच म्हणलं, कावळा काहून शिवंना. पोरगं तर जितं हाय."