बिलातली आवाजाची ओळ

१२ नोव्हेंबर २०२४, रुपये ६,३४०. रामहरी मिस्त्रींचे हे बिल मंजूर करताना त्यातली पहिली ओळ मी वाचली होती, पण तिच्यावर थांबलो नाही. एरवी थांबलो असतो.

मी दूध संघात हिशेब बघतो. येत्या मेअखेर निवृत्त होईन. संघाच्या चार फोर-व्हील-ड्राइव्ह जीप राजूरच्या वरच्या वाड्यांतून फिरतात आणि दुरुस्तीला नगरला येतात. तेवीस वर्षे त्यांची बिले माझ्या टेबलावरून गेली. बाकीच्या गॅरेजवाल्यांच्या बिलात आधी पार्ट असतो, मग मजुरी. भिंगारच्या रामहरी मिस्त्रींच्या बिलात आधी आवाज असायचा. ‘आवाज : चढाला घूं, उताराला गप्प.’ त्याखाली दोष, आणि त्याखाली पैसे. स्वतःच्या कानांनी न ऐकलेल्या आवाजाचे बिल फाडायचे नाही, हा त्यांचा नेम होता. या बिलापर्यंत, तेवीस वर्षांत, त्यांचे निदान चुकल्याची एकही नोंद माझ्याकडे नव्हती.

मिस्त्री मूळचे पाथर्डीकडचे. आईवडील ऊसतोडीला जायचे, त्यामुळे लहानपणचे निम्मे दिवस बैलांच्या टायरगाडीवर गेले. उसाने भरलेली गाडी निघाली की कुरकुरीवरून कोणत्या चाकाला वंगण हवे ते हा मुलगा सांगायचा. एकविसाव्या वर्षी ते भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये मुलकी फिटर म्हणून लागले. दुरुस्त झालेली इंजिने एका बंद खोलीत चालवून तपासायची, हे त्यांचे काम. तिथे बावीस वर्षे काढली. बाकीचे फिटर कानात कापूस घालत. “बोळे घातल्यावर इंजिन काय म्हणतंय ते कसं कळायचं, भाऊसाहेब?” असे ते मला अभिमानाने सांगत.

नोकरी लवकर सोडून त्यांनी गॅरेज काढले. त्यांच्याकडे हातभर लांबीची एक लोखंडी सळई होती. तिचे एक टोक गिअरबॉक्सला टेकवायचे आणि दुसरे कानामागच्या हाडाला. तेवढा वेळ गॅरेजात कोणी बोलायचे नाही. मी गेलो असलो तर मीसुद्धा नाही.

नोव्हेंबरात सहादेव ड्रायव्हरची जीप खालून वाजते म्हणून त्यांच्याकडे गेली होती. मिस्त्रींनी मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचे मधले बेअरिंग बदलले. ते हे बिल. त्याची पहिली ओळ होती, ‘आवाज : ड्रायव्हरच्या सांगण्यानुसार मागून.’

नवव्या दिवशी सहादेव माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

“भाऊसाहेब, आवाज हाय तसाच हाय. बेअरिंग तेवढं नवं झालं.”

तीस दिवसांत तीच तक्रार परत आली तर ते गॅरेज यादीतून काढायचे, असा संघाचा नियम आहे. तो मीच केलेला. शेरा लिहिण्याआधी एकदा प्रत्यक्ष बघावे म्हणून मी सहादेवबरोबर भिंगारला गेलो.

आम्हाला बघून मिस्त्री घाईने उठले. त्यांच्या पत्नी बनुबाई आतून पाणी घेऊन आल्या.

“तुमचीच जीप परत आली न्हवं? मी म्हनलंच हुतं.”

“तू आत जा,” मिस्त्री म्हणाले.

“जाते की. मी न्हाई गेले तर कुकरच्या शिट्ट्या कोन मोजनार? तुमाला तर त्या येत न्हाईत,” त्या म्हणाल्या आणि गेल्या. सहादेव हसला. मीही हसलो असेन.

आवाज गाडी चालू असतानाच यायचा. मिस्त्रींनी मागचे मॅट काढले आणि सळई न घेताच पत्र्यावर कान टेकून आडवे झाले. सहादेवने जीप पाथर्डी रस्त्याला घेतली. चाळीसच्या पुढे काटा गेला आणि मला तो आवाज स्पष्ट ऐकू आला.

“आला का, मिस्त्री?” सहादेवने विचारले.

सहादेवने आवाज चढवला.

“आवो मिस्त्री! झोपलात का काय? पत्रा गार लागला जनू.”

मी मागे वळून बघितले. मिस्त्री डोके उचलून माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

“आता आला न्हवं?” ते म्हणाले. “तुमच्या कपाळाला आठी पडली.”

सहादेवला ती थट्टा वाटली. मी त्याला जीप बाजूला घ्यायला सांगितली.

“कधीपासून, मिस्त्री?”

“दोन वर्सं झाली. जाड आवाज येत्यात, बारीक न्हाई येत. माणसाचं बोलनं ओठांवरून लागतं.” ते पत्र्यावरून हात फिरवत राहिले. “ह्यो मागून म्हनला, मी मागचं खोललं. आयुष्यात पयल्यांदा दुसऱ्याच्या सांगन्यावर जाऊन गाडी खोलली.”

सहादेवने इंजिन बंद केले.

“भाऊसाहेब, तुमी ऐका. मी इचारतो.”

मला आवाजाचे काय कळणार? तरी जीप पुन्हा चालू झाली आणि मी कान देऊन बसलो. ते माझ्या ओठांकडे बघत विचारत होते.

“कसा हाय?”

“कपबशांचा ट्रे घेऊन कुणी भरभर चाललाय, असा.”

“येगाबरोबर वाढतो?”

“हो.”

“सहादेव, गिअर काढ. नुसती पळू दे. आता?”

“तसाच आहे.”

“मग इंजिन न्हाई, गिअरबॉक्स न्हाई. चाकाबरोबर फिरतंय ते.” क्षणभर त्यांचा चेहरा पूर्वीसारखा झाला. “थांबव गाडी.”

उतरून ते पुढच्या चाकापाशी बसले. या जीपला पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावर हाताने फिरवायची लॉक आहेत. चिखलाचा चढ आला की ती लावायची, सपाट रस्त्याला सोडायची.

“लॉक कुनी ठेवलीत लावून?”

“वर सारखी लागत्यात, मिस्त्री,” सहादेव म्हणाला. “चिखलात उतरून दर येळी कोन सोडनार? राहू दिली.”

“कधीपासून?”

“आषाढापासून.”

“म्हंजे पाच म्हैने पुढचा शाफ्ट उगंच फिरतोय. ग्रीस मारलं व्हतं त्याला?”

सहादेवने मान खाली घातली.

मिस्त्रींनी दोन्ही लॉक सोडली. जीप पुन्हा त्याच रस्त्याने पळवली. काटा चाळीसच्या पुढे गेला, पन्नासच्याही. कपबशा वाजल्या नाहीत.

“गेला,” मी म्हणालो.

त्यांनी आधी माझा चेहरा नीट बघून घेतला. मग मान हलवली.

गॅरेजात पुढचा शाफ्ट खाली उतरवला. तो जिथे वळण घेतो तिथल्या सांध्याला क्रॉस म्हणतात. त्याची एक टोपी काढली तर आतल्या बेअरिंगच्या सुयांची गंजून तांबडी पूड झाली होती. त्यांनी ती बोटावर घेऊन मला दाखवली. निदान बरोबर होते. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून नवा क्रॉस आणून बसवला, ग्रीस भरले, आणि आवाज मागून येतो असे सांगितल्याबद्दल सहादेवला एका शब्दानेही दोष दिला नाही.

मी बिल मागितले. त्यांनी पुस्तक काढले, पेन उघडले, आणि पुस्तक परत मिटले.

“न्हाई, भाऊसाहेब.”

“का? काम तर झालं.”

“पयली वळ आवाजाची. ती तुमच्या कानाची हाय. खाली माझी सही कशी करू?”

“मागच्या वेळी केलीत ना?”

“ती खोटी व्हती.”

बिल नसेल तर संघ पैसे देत नाही. मी खिशातून द्यायला गेलो तर त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. यादीतून गॅरेज काढायचा शेरा मला लिहावा लागला नाही. डिसेंबरात त्यांनी शटर खाली ओढले. बनुबाईंनी आग्रह करून कानाचे मशीन आणले होते. ते त्यांनी चार दिवस घातले. सगळेच आवाज सारखे मोठे येतात, एकातून दुसरा वेगळा निघत नाही, म्हणून काढून ठेवले.

फेब्रुवारीत मी गेलो तेव्हा ते शटरला पाठ लावून बसले होते. रस्त्यावरून लष्कराचा जड ट्रक गेला. पाठीमागचा पत्रा थरथरला तसे ते म्हणाले, “ह्यो येतो.” त्यामागून संघाची जीप गेली. तिच्याकडे त्यांनी बघितले नाही.

जीप आता दुसऱ्या गॅरेजला जातात. तिथली बिले पार्टच्या नावापासून सुरू होतात आणि मी ती मंजूर करतो.

क्रॉसचे ८५० रुपये मिस्त्रींना अजून देणे आहेत.